लेझीम नको, साखळदंड चालतील

साताऱ्यात खेळ सुटला की पार्किंगमधून गाडी काढता काढताच निकाल लागतो. "विषय चांगला आहे." पटकथा कशी होती, कामं कशी झाली, मध्ये जांभया आल्या का, याची चौकशी पुढे होतच नाही. विषय चांगला म्हणजे सिनेमा पास. आणि विषय 'तसला' असला तर न बघताच नापास.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत मी बरीच सरमिसळ पाहिली. 'छावा', 'फुले', 'स्थळ' आणि 'दशावतार' थिएटरात, 'साबर बोंडं' पुण्याला जाऊन, 'आता थांबायचा नाय' घरच्या सगळ्यांबरोबर, 'लापता लेडीज' आणि 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' घरी टीव्हीवर. काही आवडले, काही सोसले. या सगळ्यांतून माझं एक मत पक्कं होत गेलं. विषय जितका मोठा, तितकी सिनेमाची तपासणी कडक व्हायला हवी. आपण नेमकं उलट करतो. मोठ्या विषयाला तपासणीतूनच सूट देऊन टाकतो, आणि त्यात नुकसान सिनेमापेक्षा त्या विषयाचं जास्त होतं.

आमच्या जिल्ह्याला ही सवय इतरांपेक्षा महाग पडते, कारण विषय आमच्या दारातच उभे आहेत. शाहू महाराजांची राजधानी इथली. सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळा तालुक्यात, जोतीरावांचं मूळ गाव कटगुण खटावात. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे, खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. जुन्या सातारा जिल्ह्यातलं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार तर अजून कुणी धड पडद्यावर आणलेलंच नाही. त्यामुळे मुंबईत कुणी निर्माता थोर माणसावर सिनेमा काढायला बसला की दोनातला एक विषय आमच्याकडचा निघण्याची शक्यता असते, आणि तो लागला की टीका करणारा आमच्याकडे आधी घरभेदी ठरतो.

गंमत म्हणजे शूटिंग आम्हाला नवं नाही. वाई आणि मेणवलीनं हिंदी सिनेमात कुणाकुणाचं गाव व्हायचं बाकी ठेवलेलं नाही. 'स्वदेस'मधला घाट मेणवलीचा. 'दबंग'मध्ये वाई उत्तर प्रदेशात गेली, 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये थेट तमिळनाडूत. कृष्णेचा घाट तोच, पाट्या तेवढ्या बदलायच्या. बाजूला उभं राहून वडापाव खात हे बघितलेली माणसं पडद्यावरच्या खऱ्याखोट्याबद्दल खरं तर जास्त चोखंदळ असायला हवीत. पण पडद्यावर भगवा दिसला की आमचा चोखंदळपणा चपलांबरोबर बाहेर राहतो.

'छावा'कडे येतो. १४ फेब्रुवारी २०२५ ला तो लागला तेव्हा साताऱ्यात जे वातावरण होतं ते मी सिनेमासाठी तरी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. पोरांच्या कपाळाला चंद्रकोर, बायका नऊवारीत, पडद्यावर नाव उमटताच जयजयकार. शेवटी दिवे लागल्यावर कुणीतरी गारद म्हणायला सुरुवात केली आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. या भावनेची मी टिंगल करणार नाही. संभाजीराजांची बदनामी आपल्याकडच्या नाटक-सिनेमांनीही वर्षानुवर्षं केली, त्याची भरपाई लोक मनातल्या मनात करून घेत होते, हे कळतं. माझा प्रश्न पडद्यावर काय होतं याचा आहे.

प्रदर्शनाआधी ट्रेलर आला तेव्हा त्यात संभाजीराजे आणि येसूबाई लेझीम खेळतात असं एक दृश्य होतं. त्यावर गहजब झाला. राजे नाचतील का, हा अपमान आहे, काढा. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते काढलंही. आता लेझीम म्हणजे काय हे सातारा-सांगलीत कुणाला सांगायला नको. प्राथमिक शाळेच्या पटांगणात हलगीच्या ठेक्यावर गुडघे भरून येईपर्यंत ती खेळलेली पिढीच्या पिढी इथे आहे. ती आखाड्याच्या अंगानं जाणारी मर्दानी कवायत. जड लेझीम घेऊन पवित्रे करायला लावले तर दहा मिनिटांत दंड बोलायला लागतात. विजयाच्या दिवशी राजा माणसांत उतरून ती खेळला, यात अपमान कुठे आहे? ऐतिहासिक पुरावा नसेल, मान्य. पण पुरावा हा निकष लावायचा तर मग त्या सिनेमातल्या निम्म्या लढाया कापाव्या लागतील. सिंहाच्या जबड्यात हात घालण्याचा प्रसंग तर सगळ्यात आधी.

आणि दुसरीकडे शेवटचा छळ. साखळदंड, डोळे, जीभ, मीठ. तो किती वेळ चालतो, किती जवळून दिसतो, रक्त किती तपशिलात आहे, यावर एकाही संघटनेनं निवेदन दिल्याचं मी ऐकलं नाही. आपल्या राजाला दोन मिनिटं आनंदात पाहणं आपल्याला सहन झालं नाही, आणि त्याला सोलताना पाहायला आपण लहान मुलांना मांडीवर घेऊन बसलो. यातलं कुठलं दृश्य राजाला लहान करतं, याचा विचार एकदा शांतपणे व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण 'विषय चांगला'.

लेझीम गेली त्याबरोबर सिनेमातून माणूस गेला, असं माझं मत आहे. विकी कौशलनं जीव तोडून काम केलं आहे, त्यात खोट नाही. पण त्याला दिलेली भूमिका गर्जनेची आहे. पहिल्या प्रसंगापासून आवाज टिपेला, आणि टिपेपासून सुरू केलेलं गाणं वर जाणार कुठे? अक्षय खन्नाचा थकलेला, कमी बोलणारा औरंगजेब लक्षात राहतो याचं कारण हेच. त्याला गप्प बसायला वाव आहे. नायकाला गप्प बसायला वावच ठेवलेला नाही.

खऱ्या संभाजीराजांकडे या वावाची वाण नव्हती. संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणारा हा माणूस. १६७८ च्या अखेरीला तो परळीहून, म्हणजे आमच्या सज्जनगडाहून, निघून मोगल सरदार दिलेरखानाला मिळाला आणि वर्षभरानं परत आला. भूपाळगड दिलेरखानानं घेतला तेव्हा तो मोगलांच्या गोटात होता. हा गड आजच्या सांगली जिल्ह्यात येतो. एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा, बाप म्हणून शिवाजी महाराज, घरात कलह, आणि मग ही घोडचूक, मग ते परतणं. यापेक्षा मोठं नाट्य कुठल्या पटकथाकाराला मिळणार? सिनेमानं कथा जिथून धरली आहे, शिवरायांच्या निधनापासून आणि बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून, तिथे हे सगळं मागे पडतं. ते दाखवलं असतं तर पुन्हा निवेदनं आली असती, हेही खरं. पण दिलेरखानाच्या छावणीतून परत आलेला माणूस नऊ वर्षांनी औरंगजेबापुढे मान तुकवत नाही, या वाक्याला जे वजन आहे ते जन्मापासून सिंह असलेल्या माणसाच्या नकाराला येत नाही.

येसूबाईंचं तर विचारूच नका. त्यांच्या वाट्याला मुख्यतः ओवाळणं, निरोप देणं आणि वाट पाहणं आलं आहे. खऱ्या येसूबाईंच्या नावाचा शिक्का होता, 'श्री सखी राज्ञी जयति'. नवऱ्याच्या हत्येनंतर रायगडाला वेढा पडलेला असताना, स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राजारामांना पुढे करायचं आणि गडाबाहेर काढायचं, हे राजकारण त्यांचं. १६८९ मध्ये रायगड पडला, त्या मोगलांच्या कैदेत गेल्या, बरोबर लहानगा शाहू. औरंगजेब मेल्यावर १७०७ मध्ये शाहू सुटला, १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला त्याचा राज्याभिषेक झाला. आई मात्र कैदेतच राहिली. त्या परत आल्या १७१९ साली. तीस वर्षं. त्यांची समाधी संगम माहुलीला आहे, शहरातून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर. 'छावा' बघून रडलेल्या किती सातारकरांनी त्या आठवड्यात माहुलीची वाट धरली असेल? मी विचारून पाहिलं तर समोरच्याला समाधी माहुलीत आहे हेच ठाऊक नव्हतं.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो आणि तो अगदीच हलका नाही. माझा एक शिक्षक मित्र कोरेगावकडे शिकवतो. तो म्हणाला, "तुझं बरोबर असेल रे, पण माझ्या वर्गातली जी पोरं इतिहासाच्या तासाला डुलक्या घ्यायची ती आता कवी कलश कोण म्हणून विचारायला लागलीत. हे तुझ्या समीक्षेनं झालं असतं का?" नसतं झालं. सिनेमानं कुतूहल जागं केलं, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण जागं झालेल्या कुतूहलाचं पुढे काय केलं, हा प्रश्न शाळेचा आणि आपला आहे. पोरं रांगेत बसवून सिनेमाला नेली, परत आणली, निबंधाचा विषय दिला 'माझा आवडता राजा'. त्याऐवजी एवढंच विचारायचं होतं: सिनेमात जे दाखवलं त्यातलं पुस्तकात काय सापडत नाही? पुस्तकात आहे ते सिनेमात का नाही? दोन प्रश्नांत अख्खं सत्र निघालं असतं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी गद्दारीच्या चित्रणावर आक्षेप घेतला आणि उतेकरांनी माफी मागितली, तेव्हाही बातमी बदनामी आणि माफीपुरतीच राहिली. फितुरीचा पुरावा काय, कोणत्या साधनात काय म्हटलंय, हे कुणी पोरांना समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवसांत फुकट खेळांचा सुकाळ होता. फ्लेक्सवर महाराज आणि त्यांच्यापेक्षा बोटभर मोठा इच्छुक उमेदवार. सिनेमा करमुक्त करा ही मागणी तर ठरलेलीच. मध्य प्रदेश आणि गोव्यानं तशा घोषणा केल्या. आपल्याकडे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सांगावं लागलं की महाराष्ट्रानं करमणूक कर २०१७ सालीच कायमचा रद्द केला आहे, माफ करायला तो उरलेला नाही. म्हणजे मागणी करणाऱ्यांना कर आहे की नाही हेही माहीत नव्हतं. श्रद्धा दाखवायची एक रीत म्हणून ती मागणी होती. तिकिटावर लागतो तो जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के राहिला. या बदलाची आमच्याकडे कुठल्या चौकात चर्चा झाली नाही, आणि खरं तर हीच चर्चा कामाची. मल्टिप्लेक्समध्ये शंभराच्या आत तिकीट मिळतंच किती वेळा? ती मर्यादा वाढवा म्हणून कुणी निवेदन घेऊन गेलं तर मी सही करायला येतो. सवलत द्यायची तर तिकिटाला द्या, विषयाला नको. विषयाला सवलत द्यायला लागलं की मंत्रालयात बसून कोणता विषय चांगला हे ठरवणारा माणूस तयार होतो.

'फुले'ची गोष्ट याच नाण्याची दुसरी बाजू. हा सिनेमा जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ ला लागायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डानं जातिवाचक शब्द, 'पेशवाई' वगैरे बदलायला लावलं, आणि तो २५ एप्रिलला आला. जातीविरुद्ध लढलेल्या माणसाच्या सिनेमातून जातींची नावं काढायची, हा विनोद फक्त आपल्याकडेच होऊ शकतो. त्या कापाकापीच्या मी पूर्ण विरोधात होतो आणि आहे.

पण मग सिनेमा पाहिला आणि अडचण झाली. प्रतीक गांधी गुणी नट आहे, पत्रलेखाही प्रामाणिक आहे. मात्र इथली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांना भाषणं देतात. चहा प्यायला बसले तरी सुविचार. अंगणं लख्ख, कपड्यांना इस्त्री, दुःखसुद्धा धुऊन वाळत घातल्यासारखं. सावित्रीबाईंवर शेण फेकलं जातं तो प्रसंग अंगावर यायला हवा. तो येतो आणि जातो, कारण त्याच्या आधी आणि नंतर पार्श्वसंगीत आपल्याला काय वाटून घ्यायचं ते सांगत राहतं.

जोतीराव असे नव्हते. 'शेतकऱ्याचा असूड' काढून कुठलंही पान वाचा. काय तिखट, तिरकस, हाणून पाडणारी मराठी आहे ती! भटजी शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून तेराव्यापर्यंत कोणकोणत्या निमित्तानं हात पसरतो याची त्यांनी लावलेली जंत्री वाचताना आजही हसू फुटतं आणि मग घशात अडकतं. १८५५ साली नाटक लिहिणारा हा गृहस्थ. शिवाय व्यवहारात पक्का, बांधकामाची कंत्राटं घेणारा. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यानं माल पुरवला होता. चुन्याचा भाव आणि मजुराची हजेरी ठाऊक असलेला सुधारक! हा माणूस पडद्यावर शोधावा लागतो. जो सापडतो तो चौकातल्या पुतळ्यासारखा ताठ उभा.

हे मी एका कार्यक्रमानंतर बोललो तर शेजारचे गृहस्थ, माझ्यापेक्षा वडीलधारे, चळवळीत आयुष्य घातलेले, म्हणाले, "तुम्ही आता त्यांची बाजू घ्यायला लागलात का?" त्यांची म्हणजे कापाकापी करणाऱ्यांची. नेमकी हीच अडचण. विषयावरून छावण्या पडल्या की सिनेमाबद्दलचं प्रत्येक वाक्य छावणीचं होतं. 'छावा' आवडला नाही म्हटलं की एका बाजूचा, 'फुले' आवडला नाही म्हटलं की दुसऱ्या बाजूचा. मला दोन्ही आवडले नाहीत आणि दोन्हींमागची माणसं मला माझी वाटतात, या माणसानं जायचं कुठे?

आता 'स्थळ'. जयंत सोमलकरांचा हा सिनेमा विदर्भातल्या खेड्यात घडतो, बहुतेक सगळे गावातलेच, कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा उभे राहिलेले लोक. सविता बी.ए. करतेय, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, बाप कापूस पिकवतो, आणि पाहुणे येतात. पुरुष ओळीनं बसतात. मुलगी येते, समोर बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. ती पाठ केलेली उत्तरं देते. उठते. निरोप येतो, 'नाही'. मग पुन्हा पाहुणे. तीच बैठक, तेच पोहे, तेच प्रश्न, जवळजवळ तसाच कॅमेरा. पहिल्या खेपेला थिएटरात हसू येत होतं, कारण प्रश्न ओळखीचे. दुसऱ्या खेपेला थोडं कमी. त्यानंतरच्या खेपेला उंचीचा प्रश्न आला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी नवऱ्याकडे मान वळवून बघितलं आणि ते गृहस्थ पॉपकॉर्नच्या पुड्यात काहीतरी शोधायला लागले.

या सिनेमानं काय केलं? एकही भाषण दिलं नाही. प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवला, एवढंच. पण त्या पुन्हा पुन्हा होण्यातच मुलीचा जाच आहे, आणि तो सांगायला लागला नाही, बसून भोगायला लागला. हुंडा वाईट, मुलीला मन असतं, हा विषय म्हणून घ्याल तर शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो. सिनेमा तिथून पुढे सुरू होतो. माणमधला माझा एक मेहुणा म्हणाला, "आमच्याकडं आता उलटं झालंय दाजी, शेती करणाऱ्या पोराला पोरगीच देत न्हाईत." खरं आहे. साताऱ्या-सांगलीच्या गावोगावी तिशी ओलांडलेली बिनलग्नाची पोरं आहेत. पण तिकडेही बैठक बदललेली नाही. पाटावर अजून मुलगीच बसते. 'स्थळ' आम्ही आमचा म्हणून पाहू शकलो तो यासाठी.

हा सिनेमा टोरंटोला नावाजला गेला होता, तरी इथे तो यायला-जायला वेळ लागला नाही. वेळ दुपारची. २०१५ साली सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं, तेव्हा ओढाताणीनंतर हा प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ ठरला. कामावरचा माणूस दुपारी बारा वाजता सिनेमाला येईल असं मानणारं सरकार आपलं आहे, त्याला काय बोलणार.

'साबर बोंडं'बद्दल मात्र इथे 'विषय चांगला' कुणी म्हणालं नाही. "तसला पिक्चर हाय म्हणं" एवढंच कानावर आलं. रोहन कानवडेंच्या या सिनेमाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, मराठीला असा मान क्वचित. वडील वारलेत म्हणून मुंबईचा आनंद गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. पायात चप्पल नाही, हे खायचं नाही, ते नेसायचं नाही, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाचा दुखवट्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न: लग्नाचं काय? वर्षाच्या आत उरकून घ्या. त्यात बाळ्या भेटतो, लहानपणचा. दोघांमधलं प्रेम सिनेमा इतक्या हलक्या हातानं दाखवतो की सुतकाच्या घरातल्या कुजबुजीपेक्षा त्याचा आवाज मोठा होत नाही. पण मला थक्क केलं ते आईनं. ती सगळं जाणते आणि पोराच्या आणि भावकीच्या मध्ये उभी राहते, एकही क्रांतिकारी वाक्य न बोलता. पाहुण्यांना काय सांगायचं ते ती आधी ठरवून ठेवते. अशा आया मी खटावात, माणमध्ये पाहिल्यात. जिथे निवडुंगाची लाल बोंडं काट्यांनिशी लागतात त्या दुष्काळी पट्ट्यात हा सिनेमा परका वाटायचं काही कारणच नाही.

विषयावरून पास करणारी माणसं आणि विषयावरून नापास करणारी माणसं एकच असतात. 'तसला' म्हणून 'साबर बोंडं' टाळणाऱ्या माणसानं त्यात एका मराठी घरातलं सुतक इतकं अचूक आहे हे गमावलं. आणि तोच माणूस 'फुले'मधल्या गुळगुळीत अंगणात आपलं एकोणिसावं शतक पाहिल्याचं समाधान घेऊन घरी गेला.

'दशावतार' अर्धा आवडला. दिलीप प्रभावळकर एक्क्याऐंशी वर्षांचे, आणि दृष्टी जात चाललेला बाबुली मेस्त्री ते ज्या लयीत करतात ती बघायला कितीही तिकिटं काढावीत. बापलेकाचे प्रसंग नितळ आहेत. पुढे खाणीचा विषय येतो, पाऊस-अंधार-सूड सुरू होतो आणि खलनायक इतका खल होतो की खाण त्या एका माणसाला मारल्यावर बंद पडेल असं वाटायला लागतं. कोकणात किंवा आमच्या सह्याद्रीत जमिनी अशा जात नाहीत. त्या कागदावरून जातात. जनसुनावणी होते, सह्या होतात, मोबदल्याच्या याद्या लागतात. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीला विचारा, त्यांना एकही खलनायक दाखवता येणार नाही, फक्त फायली दाखवता येतील. पर्यावरणाचा विषय घेतला म्हणून या सोप्या वाटेला माफी मिळाली. ती मिळायला नको होती.

'आता थांबायचा नाय' हा मुंबई महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांनी दहावी दिल्याची खरी हकिकत. थोडा भाबडा, मध्ये मध्ये डोळ्यांत पाणी काढायचंच असं ठरवलेला, पण भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही नेहमीच्या सवयी सोडून कामाला लागलेत. घरात सगळ्यांना आवडला, मला पण. 'लापता लेडीज'मधली फूल सासरच्या गावाचं नाव सांगू शकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे. घुंगटावर प्रवचन दिलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. स्टेशनावर हरवलेल्या मुलीला गावाचं नाव आठवत नाही, यावर आपण हसतो आणि मग आपल्याच घरातल्या बायकांचा हिशेब करायला लागतो.

त्याच सिनेमात टपरीवाली मंजू माई झालेली छाया कदम 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये पार्वती आहे. रत्नागिरीची, मुंबईत इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबणारी. नवरा गेला, घराचा एकही कागद तिच्या नावावर नाही, आणि बिल्डर मागे लागला आहे. पायल कपाडियांच्या या सिनेमाला २०२४ च्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँप्री मिळालं म्हणून तो 'फेस्टिवलवाला', म्हणजे आपला नव्हे, असं इथे गृहीत. पण जावळी-पाटणचं असं घर दाखवा ज्यातला कुणी गिरणीत नव्हता, संपानंतर परत आला नव्हता, आणि ज्याच्या खोलीचा कागद नंतर सापडलाच नाही. पार्वती बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारते तेव्हा माझ्या वडिलांच्या पिढीतल्या अर्ध्या साताऱ्यानं तो दगड उचलला असता. त्यांच्यापर्यंत सिनेमा पोचलाच नाही, कारण त्यात 'विषय' नव्हता, नुसती माणसं होती.

मला काय हवंय, असं कुणी विचारेल. फार नाही. गावात जिथे जिथे महापुरुषांवरचे सिनेमे फुकट दाखवले जातात तिथे खेळानंतर अर्धा तास दिवे चालू ठेवा आणि लोकांना बोलू द्या. इतिहासाचा एखादा जाणता शिक्षक बसवा, आणि आयोजकाचं भाषण रद्द करा. एवढ्यानं सिनेमा सुधारणार नाही. पण निर्मात्यांना कळेल की साताऱ्याला नुसतं नाव पुरत नाही. आज त्यांना खात्री आहे की पुरतं. पोस्टरवर तलवार आणि पहिल्या पाच मिनिटांत गर्जना दिली की बाकी आपण सांभाळून घेतो, हे त्यांनी बरोबर हेरलंय.

खाशाबा जाधवांवर नागराज मंजुळे सिनेमा करणार हे जाहीर झालं तेव्हापासून कराड-गोळेश्वरकडे त्याचीच चर्चा. विषय चांगला आहे, यात वाद नाही. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी लोकांनी गोळा केलेले पैसे, परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक; टाळ्या आणि रडणं दोन्ही आयतं आहे. पण खाशाबा त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं जगले. पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळायला मरणानंतरही पंधरा-सोळा वर्षं लागली. मिरवणुकीत नाचलेल्या जिल्ह्यानं मधल्या काळात काय केलं, हा आम्हाला न आवडणारा भाग. मिरवणुकीवर संपणारा सिनेमा निघाला तरी साताऱ्यात तो हाऊसफुल्ल जाईल, फ्लेक्स लागतील, करमुक्तीची मागणीही होईल. तिकीट मीही काढणार. मला बघायचंय ते मिरवणूक संपल्यावरचं, सकाळी गणवेश चढवून ठाण्यात हजर होणाऱ्या फौजदाराचं, आणि ते नसेल तर पार्किंगमध्येच बोलणार आहे.